काम करणारी माणसं किती

मशीन चालू असलं की दारावरची थाप ऐकू येत नाही. म्हणून रूहीला तो माणूस दिसला तो एकदम उंबऱ्यातच. आणि शिंकताना.

एक शिंक, लगेच दुसरी, मग तिसरी. गळ्यातलं ओळखपत्र प्रत्येक शिंकेबरोबर हवेत उडत होतं. रूहीनं खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला आणि खोलीत तरंगणारा कापूस हळूहळू खाली बसू लागला. तिच्या तोंडाला ओढणी बांधलेली, पापण्यांवर पांढरी लव, हातात काठी. समोरचा तरुण तिच्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा. एका हातात टॅब, दुसऱ्या हातात रुमाल, डोळ्यांत पाणी.

"कोण पाहिजे?"

"नूर म... म..." पुन्हा शिंक. "नूर महंमद पिंजारी इथंच राहतात?"

"अब्बा जामनेरला गेलेत. कापूस बघायला."

तोंडातून शब्द निघाले आणि तिनं जीभ चावली. अनोळखी माणसाला कापसाचं सांगायचं नाही, मशीनचं तर मुळीच नाही, हा त्या घरातला पहिला कायदा होता. कारण साधं होतं. मशीन मागच्या खोलीत, खोली घराची, आणि मीटरही घराचंच. धंद्यासाठी वेगळं मीटर घ्यावं लागतं, त्याचा दर चढा असतो. मेहरूणच्या त्या गल्लीत ते कुणीच घेतलं नव्हतं. कुणाची मसाल्याची चक्की, कुणाचं वेल्डिंग, पिंजाऱ्यांचं कापूस पिंजायचं मशीन, सगळं घरगुती मीटरवर आणि अल्लाच्या भरवशावर.

"मी झैद. सर्वेचा आहे," त्यानं ओळखपत्र पुढे धरलं. "देशाचं उत्पन्न मोजतात ना, जीडीपी... त्यासाठी घरगुती धंद्यांची माहिती घेतो."

"देशाचं उत्पन्न आमच्या घरात?"

"थोडंसं."

"पाणी देऊ?"

"आधी पाणी," तो नाक पुसत म्हणाला, "मग देश."

रूहीला हसू आलं. ओढणी तोंडावर होती म्हणून बरं. अम्मी शेजारच्या शहनाज चाचीकडे खोळींचं कापड कापायला गेली होती. तिला हाक मारावी, दार लावून घ्यावं, अब्बा आल्यावर या म्हणावं... यातलं काहीच न करता तिनं पाण्याचा तांब्या आणला, आणि तो उंबऱ्याबाहेर पायरीवर बसला. कुणी आत या म्हटलं नाही, म्हणून तो आत आला नाही, हे तिनं टिपून ठेवलं.

"इतकी घरं जळगावात, आमचंच बरं सापडलं?"

"मी नाही शोधलं. कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकतो. तुमचं घर निघालं." त्यानं टॅब मांडीवर ठेवला. "आणि तुमचं घर म्हणजे नुसतं तुमचं नाही. तुमच्यासारख्या हजारो घरांचा अंदाज तुमच्यावरून बांधतात. तुम्ही चुकीचं सांगितलं की ती सगळी चुकतात."

"मग तर माझ्यावर फारच भार."

"खूप. म्हणून सावकाश सांगा. काम कोण करतं?"

"अब्बा."

तो लिहून पुढच्या प्रश्नावर जाईल असं तिला वाटलं. तो गेला नाही. बोट हवेत धरून थांबला. "आणि?"

"अम्मी. खोळी ती शिवते."

"आणि?"

"शहनाज चाची. टाके घालायला येते."

"आणि?"

"आणि... मी."

"तुम्ही काय करता?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, रजईवर हात फिरवायचं आणि नूरभाईंच्या हाताची तारीफ करून जायचं. रूही बोलायला लागली ती थांबेचना. कापूस पिंजायचा, थर बसवायचा, काठीनं सारखा करायचा. कोपऱ्यात कमी पडला तर रजई तिथं थंड राहते, माणूस रात्रभर पाय ओढून घेतो. मग टाके. टाका ओढला की कापूस दबतो, सैल सोडला की सरकतो, मधलं काहीतरी बोटांना कळावं लागतं.

"आणि नूर महंमद काय करतात?"

"गिऱ्हाईक बघतात. कापूस आणतात. ओरडतात."

"ओरडण्याला रकाना नाही," झैद टॅबकडे बघत गंभीरपणे म्हणाला.

"या सगळ्याचं तुम्ही करता काय?"

"वजाबाकी. रजई विकली, त्या किमतीतून कापूस वजा, कापड वजा, दोरा, वीज, टेम्पोचं भाडं वजा. जे जे बाहेरून आलं ते सगळं वजा. उरतं ते या खोलीनं देशात घातलं."

"सगळंच वजा केल्यावर उरतं काय?"

तो तिच्या हातांकडे बघत होता. "तुमचे हात," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... मेहनत. त्याला पुस्तकी शब्द आहे, पण तो फार वाईट आहे."

"स्वयंपाक धरता?"

"नाही."

"धुणं-भांडी?"

"तेही नाही. त्यावर मोठमोठी माणसं भांडताहेत. माझी हद्द रजईपर्यंतच." जरा थांबून त्यानं विचारलं, "तुम्हांला आवडतं हे काम?"

"हा प्रश्न सरकारचा?"

"...नाही."

"मग?"

"माझा."

आता दार लावायला हवं होतं. "आवडतं," रूही म्हणाली.

मग तो खर्चाचे प्रश्न विचारत गेला आणि ती उत्तरं देत गेली. बोलता बोलता, कशावर तरी दोघं हसत असतानाच, त्यानं विजेचं विचारलं आणि तिनं सांगून टाकलं, "घराच्याच मीटरवर."

तो गेला. त्याच्या मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी विरला आणि तेव्हा कुठे रूहीला कळलं की आपण काय बोललो.

*

नूर महंमद शांत माणूस होता. मराठीही बेताची, स्वच्छ बोलायचा. पण घाबरला की त्याच्या तोंडी एरंडोलकडची अहिराणी यायची.

"तू काय सांगं त्याले?"

"काम कोण करतं ते, अब्बा."

"आखो?"

रूहीची नजर बाहेर मीटरकडे गेली.

"मीटरनं बी सांगं? बठ्ठं सांगी दिधं?"

तो मटकन खाटेवर बसला. ओरडला असता तर रूहीला सोपं गेलं असतं. तो नुसता बाहेरच्या भिंतीवरच्या मीटरकडे बघत राहिला, दारात बसलेल्या सापाकडे बघावं तसा. मग उठून त्यानं मशीनवर जुनी चादर टाकली.

दुसऱ्या दिवसापासून मशीन बंद. एरंडोलच्या एका लग्नाच्या गाद्या बाकी होत्या, म्हणून नूर महंमदनं माळ्यावरून बापाची पिंजण काढली. धनुष्यासारखी, माणसाच्या उंचीची. दोन दिवस तो टणत्कार करत बसला. तिसऱ्या दिवशी त्याचा खांदा धरला. खांद्याला तेल चोळताना त्याची बायको जीनत मुलीकडे बघायची नाही. ते न बघणं रूहीला पाठीवर चटक्यासारखं लागायचं.

शहनाज चाची टाके घालायला यायची थांबली, पण बातम्या घेऊन यायची थांबली नाही.

"आधी टॅबवाला येतो," ती उंबऱ्यात उभं राहून सांगायची. "गोड बोलतो. मग गाडीवाले येतात. आज मीटर विचारतील, उद्या कागद. भाभी, तुमच्या लग्नाचा कागद कुठंय ते बघून ठेवा."

"आमच्या लग्नाला तू होतीस ना, शहनाज?"

"मी काय कागद आहे?"

चक्की बंद झाली, वेल्डिंगवाल्यानं शटर ओढलं. गल्लीत इतकी शांतता झाली की कुणाच्या घरी कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते सगळ्यांना कळायचं. त्या शांततेत मोटारसायकलचा आवाज आला की घराघरांतून पडदे हलायचे. रूहीचाही श्वास अडकायचा. दूधवाला निघाला की नूर महंमद "या अल्ला" म्हणून श्वास सोडायचा. रूहीही सोडायची. पण तिच्या सुटकेत कुठंतरी एक बारीकशी निराशा असायची, आणि तिला स्वतःचीच भीती वाटायची. ज्या माणसामुळे बापाचा खांदा गेला, त्याच्याच गाडीची आपण वाट बघतोय?

*

तो आला तेव्हा नूर महंमद घरीच होता.

विकायच्या रजया लपवायला जागा नव्हती. म्हणून जीनतनं त्या दिवाणावर रचून वर सतरंजी घातली होती. झैदला तिथंच बसावं लागलं. तो इतका उंच बसला की त्याचे पाय जमिनीला टेकेनात. पडद्यामागून रूहीला तेवढेच दिसत होते, दोन तपकिरी बूट, अधांतरी.

"काही उत्तरं पुन्हा विचारायचीत, चाचा. विजेचा आणि कापडाचा खर्च जुळत नाही."

"कसला खर्च? धंदा बंद केला."

बूट हलायचे थांबले. "बंद?"

"केव्हाचाच. पोरगी लहान आहे, तिला काय कळतं. काहीबाही बोलली असेल."

"चाचा, मी मीटरवाला नाही. करवाला नाही. तुमचं नाव, घर, मी कुणालाच सांगू शकत नाही. कायद्यानं बांधलेला आहे. वर जातात ते फक्त आकडे. त्यात तुम्ही ओळखूही येत नाही."

"सगळेच असं म्हणतात, साहेब."

"काम करणारी माणसं किती लिहू?"

"कोणीच नाही."

"घरात अजून कुणी सांगू शकेल?" हे तो जरा मोठ्यानं म्हणाला. बुटांची टोकं पडद्याकडे वळली होती.

रूहीनं पडदा मुठीत धरला. एक पाऊल पुढे टाकायचं होतं फक्त. तिला बापाचा खांदा दिसला, तेलानं चमकणारा, एका बाजूला झुकलेला. तिनं पाऊल टाकलं नाही.

"कोणीच नाही," नूर महंमद म्हणाला.

आणि मग झैद शिंकला. एक, दोन, तीन. सतरंजीखालचा कापूस आपलं काम करत होता. खोलीतल्या सगळ्यांना सगळं कळलं.

"तुम्ही सांगाल तेच लिहायचं असतं मला," तो नाक पुसून म्हणाला. "बंद... लिहितो." दिवाणावरून उतरताना त्यानं आवाज खाली आणला. "फक्त एवढं लक्षात ठेवा, चाचा. चालू धंदा एकदम बंद दाखवला की वरचे लोक कधीकधी स्वतः बघायला येतात. मी बरोबर लिहिलं की खोटं, ते."

त्याला सावध करायचं होतं. नूर महंमदनं ती धमकी म्हणून ऐकली. रूहीनं तिसरंच ऐकलं. वरचे आले तर खोटा तो ठरणार.

*

मेहरूण तलावाच्या कडेनं ती उशा पोचवायला निघाली होती. दोन हातांत दोन, काखेत एक. थंडीचे दिवस, ऊन कोवळं. मागून मोटारसायकलचा आवाज आला, हळू झाला, बंद झाला.

"धरू का एखादी?"

"नको. शिंकाल."

झैद गाडी ढकलत तिच्यापासून हातभर अंतर ठेवून चालू लागला. रूहीनं आधी मागे पाहिलं, मग पुढे. ओळखीचं कुणी नव्हतं. तरी तिनं चाल वाढवली.

"आमच्या गल्लीत आता येऊ नका," ती पुढे बघत म्हणाली. "तुम्ही आलात की मशीन बंद पडतं."

"येणार नाही. तुमची गल्ली मी पुनम मॅडमकडे दिली. ओळखीचं घर झालं की मी विचारायचं नसतं."

"ओळखीचं कधी झालं?"

"बहुतेक दुसऱ्या शिंकेला."

ती हसली नाही. हसावंसं वाटत होतं, पण उशा छातीशी घट्ट धरल्या. "तुम्ही बंद का लिहिलंत? तुम्हांला माहीत होतं."

"तुम्ही पडद्यामागे होता. मला वाटलं, येईल बाहेर..." तो थांबला. "नाही आलात. मग चाचांचं उत्तर तेच तुमच्या घराचं उत्तर."

"अब्बांना तुमची भीती वाटते."

"आणि तुम्हांला?"

"मलाही."

"माझी, की मीटरची?"

एक बगळा पाण्यावरून संथ निघून गेला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आमच्या घरी धुळ्याला लूम होता," झैद म्हणाला. "अब्बा लूमवर. सुताच्या कांड्या भरायची अम्मी. मी शाळेतून आलो की तिच्या हातातली कांडी थांबायची, भाकरी करायची, पुन्हा फिरायची. कुणी विचारलं की अब्बा म्हणायचे, काम मी एकटाच करतो, बायको घरीच असते. अम्मी तिथंच उभी असायची... म्हणून मी 'आणि' विचारतो. तीनदा. फॉर्ममध्ये एकदाच आहे."

रूहीला वाटलं, उशा खाली ठेवून द्याव्यात आणि इथंच बसावं.

"मला माझ्या घरी बोलायचंय," तो म्हणाला. "तुमच्याबद्दल. बोलू?"

तिच्या डोळ्यांपुढे काय काय आलं. ज्याच्या नावानं घर थरथरतं तो माणूस, आणि त्याचं नाव घेणारी आपण. अब्बांचा चेहरा. अम्मीचं न बघणं.

"आत्ता नको," ती म्हणाली. "आत्ता आमच्याकडे कुणी दार वाजवलं तरी अब्बांचं रक्त आटतं."

"मग कधी?"

ती झपझप पुढे निघाली. मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

*

त्या आठवड्यात नूर महंमदच्या फोनवर एक अनोळखी नंबर यायला लागला. नावाच्या जागी झळकायचं, 'नईम तहसील धुळे'. पहिल्यांदा त्यानं फोन उलटा ठेवला. दुसऱ्यांदा बंद केला. नंतर तो फोन पिठाच्या डब्यात ठेवायला लागला.

"उचलून तर बघा," जीनत म्हणाली.

"तहसीलवाला काय खुशाली विचारणार शे?"

आणि रविवारी सकाळी गाडी आली. पांढरी, मोठी, गल्लीत न मावणारी. पुढच्या काचेवर लाल अक्षरांत पाटी, 'शासकीय सेवेत'. शहनाज चाचीनं ती गल्लीच्या तोंडाशी पाहिली आणि पळत येऊन सांगितलं नाही, नुसती हातानं खूण केली. चक्कीवाल्यानं मेन स्विच पाडला. वेल्डिंगवाला मागच्या दारानं गेला.

"पट्टा काढ," नूर महंमद रूहीला म्हणाला. "मशीनचा पट्टा. पट्टा नसला की मशीन भंगार."

रूही मागच्या खोलीत पळाली. पट्टा निघेना. बाहेर गाडीची दारं उघडली, लागली. बऱ्याच पायांचे आवाज. खिडकीच्या फटीतून तिला एकच माणूस दिसला, सफारीतला, जाडजूड. तो नेमका मीटरखाली उभा राहून फोनवर बोलत होता आणि बोलता बोलता वर बघत होता.

पुढच्या खोलीत सलाम झाले. सर्वेतही आपली माणसं असतात, झैद होताच की. एक म्हातारा आवाज, एक बाईचा. पुनम मॅडमसारख्या बायकाही असतात.

"आम्ही धुळ्याहून आलो," म्हातारा आवाज म्हणाला. "चार दिवस फोन लावतोय, तुम्ही उचलत नाही."

"कशाला आलात ते माहीत आहे," नूर महंमद म्हणाला.

"माहीत आहे? मग तर सोपंच झालं."

"सोपं कसलं. इथं काहीच नाही. बघा, घर उघडं आहे. काही होत नाही इथं."

कुणीतरी घसा साफ केला. कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, हे रूहीच्या मनात येऊन गेलं.

"मुलीला बोलवा ना बाहेर," बाई म्हणाल्या.

रूहीच्या हातातला पट्टा सुटला. त्यांना माहीत होतं. मुलगी बोलली, हे वरपर्यंत गेलं होतं.

"ती... तिची तब्येत बरी नाही."

"बरं. मुलीच्या हाताला काय काय येतं?"

"काही नाही येत," नूर महंमद घाईनं म्हणाला. "काहीसुद्धा नाही. रजई नाही, गादी नाही. सुईत दोरा ओवता येत नाही तिला. जीनत, सांग ना."

"नाही येत," जीनत म्हणाली. ती रडायच्या बेतात होती.

"शिवण नाही?"

"कधीच नाही. ती नुसती बसून असते दिवसभर. घरीच असते."

बाईंच्या बांगड्या वाजल्या. मग हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला तरी म्हणाल्या, "मग झैदनं आपल्याला खोटंच सांगितलं म्हणायचं."

रूही पडदा बाजूला सारून बाहेर आली. ठरवून नाही. पाय निघाले आणि ती त्यांच्यामागून गेली. ओढणी खांद्यावरून घसरलेली, केसांत कापूस, समोर कोण बसलंय तेही तिला नीट दिसत नव्हतं.

"ते खोटं बोलले नाहीत," ती म्हणाली. "आम्ही बोललो."

"रूही," जीनत कुजबुजली.

"त्यांना काही करू नका. मी पहिल्या दिवशी खरं सांगितलं, त्यांनी खरं लिहिलं. मग आम्ही घाबरलो आणि बंद सांगितलं, म्हणून त्यांनी बंद लिहिलं. धंदा चालू आहे. मशीन आत आहे, घराच्याच मीटरवर चालतं. दंड असेल तर आम्ही भरू, कसाही भरू. काम चार माणसं करतात. अम्मी खोळी शिवते, शहनाज चाची टाके घालते, अब्बा कापूस आणतात. पिंजते मी. थर मी लावते. ज्या रजयांवर तुम्ही बसलात त्या मी केल्या आहेत." तिनं सतरंजीकडे बोट केलं. "मी घरी असते, पण नुसती बसून नसते."

नूर महंमदनं डोळे मिटून घेतले होते. सफारीतला माणूस दारात येऊन उभा राहिला होता, फोन कानालाच.

रूहीला आता समोरचं दिसू लागलं. दिवाणावर, उंच, पाय अधांतरी, एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली बाई. तिच्या मांडीवर दोरीनं बांधलेला मिठाईचा डबा होता आणि ती तो दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती, कारण तीही घाबरली होती.

"बेटी," ती म्हणाली, "दंड कसला? मी झैदची अम्मी."

नूर महंमदनं डोळे उघडले.

"तो म्हणाला, मेहरूणला एक मुलगी आहे, फार गुणाची आहे. काय गुणाची, ते सांगेना. म्हणाला, मला सांगायची परवानगी नाही, तू तिच्याच तोंडून ऐक. आत्ता नको म्हणत होता, मलाच दम निघाला नाही." तिनं डबा पुढे केला, मग पुन्हा मागे घेतला. "आणि हे तर म्हणतात, दोराही ओवता येत नाही. मला वाटलं, पोराला कुणी फसवलं."

"ती गाडी..." नूर महंमदला पुढचं बोलवेना.

"माझी आहे," सफारीतला म्हणाला. हा झैदचा मामा नईम. "तहसीलला भाड्यानं लावलीय. पाटी काढायची राहिली."

"आणि मीटर? मीटर कशाला बघत होता?"

"तुमच्या मीटरवर चिमणीनं घर केलंय. ते बघत होतो."

जीनत एकदम उठली. "या अल्ला, पाणीसुद्धा नाही विचारलं," असं म्हणत आत गेली आणि आत जाऊन खरंच रडली, हे सगळ्यांनी ऐकलं आणि कुणी ऐकलं नसल्यासारखं केलं.

सरबत आलं. नूर महंमदनं पेला दोन्ही हातांत धरला. त्यानं दोन घोट घेतले, भिंतीकडे पाहिलं आणि कुणालाच नाही अशा आवाजात म्हणाला, "उद्या जाऊन ते मीटर बदलून घेतो. रोज मरण्यापेक्षा महिन्याला बिल बरं."

"महाग पडेल," नईम मामा म्हणाला.

"पडू दे. पोरगी बापाला खोटं पाडून गेली, ते स्वस्त पडलं का?" पण हे म्हणताना तो पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, रूहीकडे बघत होता.

झैदच्या अम्मीनं रूहीला शेजारी बसवून घेतलं आणि तिचा उजवा हात उलटा केला. बोटाच्या टोकाला दाभणानं पडलेला घट्टा होता. ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"आमच्याकडे आता लूम नाही," ती म्हणाली. "पण मागं मोठी खोली आहे. रिकामी." मग नवऱ्याकडे एक नजर टाकून, "आणि आमच्याकडे कुणी विचारायला आलं, तर आता मी बसते पुढे."

झैदचे अब्बा सरबतात बघत म्हणाले, "बसते. मला बोलूच देत नाही."

"मी अजून हो म्हटलेलं नाही," रूही म्हणाली. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"मला नको सांगूस ते." बाईंनी पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि तो तिच्या हातात दिला. "त्याला सांग. तलावाजवळ टपरीवर बसलाय सकाळपासून. यायला घाबरतोय."

घंटी पुरती वाजलीही नाही.

"अम्मी? काय म्हणाले? हाकलून तर नाही ना दिलं?"

"अम्मी सरबत पिताहेत," रूही म्हणाली.

पलीकडे इतकं शांत झालं की टपरीवर कुणीतरी ग्लास विसळतंय ते तिला ऐकू आलं.

"तुम्ही..."

"मी."

"घाबरलात?"

"खूप. मला वाटलं तपासणीवाले आले. तुमची नोकरी जाईल."

"माझी? आणि तुमचं मशीन?"

"ते सांगून टाकलं. सगळंच सांगून टाकलं."

"का?"

खोलीतलं प्रत्येक माणूस दुसरीकडे बघत होतं. नूर महंमद पेल्यात, मामा चिमणीकडे, जीनत स्वयंपाकघराच्या दारात पदर चावत. इतक्या कानांत 'का'चं उत्तर देता येत नव्हतं. पण तलावाकाठून ती निघून गेली होती, आता उत्तर तिला माहीत होतं.

"इकडे या," ती म्हणाली. "समोर सांगते."

"आत्ता? चाचा आहेत ना घरी?"

"आहेत. तेही तुम्हांला घाबरलेत. दोघं जवळ बसून घाबरा... मी आहे मधे."